पिवळी गोळी

बंडू तेव्हा सहा वर्षांचा होता. दुकानातून मीठ आणायला मी त्याला तीनदा हाका मारल्या. तो पाठमोरा बसून गोट्या मोजत राहिला. मी जाऊन एक चापट लगावली. तो रडला नाही. नुसता माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला ऐकूच येत नव्हते, हे आम्हांला महिन्याभराने कळले.

पुढे दोन वर्षांत त्याचा आवाज घोगरा झाला, पाणी पिताना ठसका लागू लागला, पापण्या जड झाल्या. शेजारणी म्हणत, "आईचे लक्ष नाही." आजीने दृष्ट काढली. अखेर पनवेलहून लोकलने मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढून दाखवला. मेंदूतून मज्जातंतूंच्या 12 जोड्या निघतात. चेहऱ्याची सातवी, ऐकण्याची आठवी, गिळण्याची नववी-दहावी, जिभेची बारावी. बंडूची एकेक जोडी दुबळी होत चालली होती. पुढे श्वासाचे स्नायूही थकले असते.

आजाराचे नाव ब्राऊन-व्हायलेटो-व्हॅन लेअर. ब्राऊन यांनी तो 1894 साली नोंदवला. जनुकातले कारण मात्र 2010 साली हाती लागले. रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-2, पेशींत नेणारे प्रथिनच सदोष असते. उपायही त्यातूनच निघाला. मोठ्या माणसाला दिवसाला एक-दीड मिलिग्रॅम पुरते. या मुलांना वजनाच्या दर किलोमागे 10 ते 50 मिलिग्रॅम देतात.

"सदोष जनुक आईवडील दोघांकडून यावे लागते," बाई म्हणाल्या. "नात्यातले लग्न आहे का?"

आईने मान खाली घातली. बाबा तिचे आतेभाऊ. लग्न आजीनेच जुळवलेले. परतताना वाशीच्या खाडीपासून पनवेलपर्यंत कोणी बोलले नाही. त्या रात्री आजी जेवायला उठली नाही. आईच ताट घेऊन गेली. "आत्या, तुम्हांला का ठाऊक होते? दोन घास खा."

गोळ्या पिवळ्याजर्द. लघवीही तशीच होते, त्याची बंडूला भारी गंमत वाटते. चार महिन्यांत ठसका कमी झाला. आता तो भाकरी कुस्करून न देता खातो. कान परत आले नाहीत. येतील असे बाईंनीही म्हटले नव्हते.

हल्ली मी त्याला हाक मारीत नाही. समोर बसते, गुडघ्यावर हात ठेवते. तो आधी माझ्या हाताकडे पाहतो, मग तोंडाकडे. त्या चापटीची क्षमा मागायची राहिली आहे. ओठांवरून वाचता येईल असे सोपे वाक्य मला अजून सापडलेले नाही.