डावा हात

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवे खेळ शिकू नयेत, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. तरी गेल्या पावसाळ्यात मी गावच्या जिमखान्यात बिलियर्ड्स शिकायला जाऊ लागलो.

तिथले मार्कर साठीचे गृहस्थ. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तर, क्यू आवळू नका. खडू धरता ना, तशी सैल धरा." मग हळूहळू बाकीचे आले. डावा पंजा हिरव्या बनातीवर रोवायचा. अंगठा आणि तर्जनी यांमधल्या खाचेतून क्यू पुढेमागे सरकवायची. उजवे कोपर स्थिर; खालचा हात तेवढा घड्याळाच्या लंबकासारखा हलायचा. चेंडूला ठोसा द्यायचा नाही, क्यू त्याच्या आरपार निघाल्यासारखी पुढे जाऊ द्यायची. आणि चेंडू कुठे गेला हे बघायला मान वर करायची नाही! हे शेवटचे मला अजून साधलेले नाही. कथा पेटीत टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पोस्टमनची वाट बघणारा माणूस मी!

"म्हणजे शास्त्र अगदी पक्के आहे तर," मी म्हणालो. मास्तरकीची सवय.

मार्कर हसले. म्हणाले, "जो डेव्हिसला उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हते. क्यू हनुवटीच्या मधोमध हवी हे शास्त्र; तो ठेवायचा डाव्या डोळ्याखाली. 1927 ते 1946 या काळात पंधरा वेळा स्नूकरचा जगज्जेता झाला. आणि तो रॉनी ओ'सलिव्हन! दोन्ही हातांनी खेळतो. 1996 साली डाव्या हाताने खेळला, तर समोरच्याला वाटले, हा आपला अपमान करतो आहे."

मी मान डोलावली. गोष्ट गमतीची वाटली, इतकेच.

तिसऱ्या आठवड्यात टेबलावर एक तिशीचा तरुण होता. डावखुरा. त्याचा हात असा सरकत होता की क्यूचा आवाजसुद्धा गोड वाटावा. मारल्यानंतरही तो क्षणभर तसाच वाकलेला राही. मी बाकावर बसून बघतच राहिलो.

खेळ संपला. मार्करांनी सहीसाठी वही पुढे केली. तरुणाने पेन उजव्या हातात घेतले आणि जीभ दातांत धरून, पहिलीतल्या पोरासारखी, एकेक अक्षर ओढत सही केली.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, ओळखलंत का? पाचवी ब."

ओळखले. त्या वर्षी नोकरीत नवा होतो. वर्षभर त्याच्या डाव्या हाताच्या पेरांवर मी पट्टी मारली होती. त्याच्या आईलाही शाळेत बोलावून घरी लक्ष ठेवायला सांगितले होते. वार्षिक परीक्षेत तो उजव्या हाताने लिहू लागला, तेव्हा मुख्याध्यापकांनी माझे कौतुक केले होते.

काय बोलावे सुचेना. "छान खेळतोस," एवढेच म्हणालो.

"तुम्ही खेळा ना सर. मघाशी बघत होतो, मान वर करता तुम्ही."

मी टेबलावर वाकलो. त्याने डावा हात माझ्या मानेवर ठेवला, अगदी हलका.

"आता मारा."

मी क्यू मागे घेतली.