याद्यांची बेरीज

"कॅडवर काम करते" असं सांगितलं की आमचे नातेवाईक मान डोलावतात आणि विषय बदलतात. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

यंत्राचं ड्रॉइंग असतं, त्याच्या कोपऱ्यात पार्ट्स लिस्ट असते. कुठला भाग, कशाचा, किती नग. पण मोठं यंत्र एका ड्रॉइंगवर मावत नाही. सांगाडा वेगळा, कन्व्हेयर वेगळा, जाळीची गार्ड वेगळी. प्रत्येकाची स्वतंत्र असेंब्ली, स्वतंत्र यादी. खरेदी विभागाला मात्र एकच यादी हवी असते. गंमत तिथे सुरू होते.

समजा एम ८ चा बोल्ट आहे. सांगाड्याच्या यादीत २४, कन्व्हेयरच्या यादीत १६, गार्डच्या यादीत ६. बेरीज ४६? नाही! एका यंत्राला कन्व्हेयर २ आणि गार्ड ४ लागतात. म्हणजे २४ + ३२ + २४ = ८०. तिन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर, आणि ३४ बोल्ट कमी.

हे उदाहरण हवेतलं नाही. एका साइटवर अगदी असंच झालं होतं. रविवार, गावातली हार्डवेअरची दुकानं बंद, आणि आमचे फिटर मामा अर्धवट बसवलेल्या गार्डसमोर. फोनवर एवढंच म्हणाले, "मॅडम, ड्रॉइंग तर बरोबर आहे हो." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

यावर इन्व्हेंटरमध्ये उपाय सोपा आहे. एक रिकामी असेंब्ली उघडायची, त्यात सगळ्या असेंब्ली लागतील तितक्या वेळा आणून ठेवायच्या आणि तिची 'पार्ट्स ओन्ली' यादी काढायची. गुणाकार आपोआप होतो, एकाच पार्ट नंबरच्या ओळी एकत्र येतात. पण तोच बोल्ट तिघांनी तीन नंबरांनी काढला असेल तर संगणकाला ते तीन वेगळे बोल्ट वाटतात. ते माणसानेच बसून जुळवावं लागतं.

आणखी एक प्रश्न उरतो: कुठवर सुटं करायचं? दिवाळीची यादी आठवा. चकली, चिवडा, लाडू, प्रत्येकाचं सामान वेगळं, पण वाण्याकडे जाते ती एकच यादी, तेलाची बेरीज करून. त्यात चकलीची भाजणी घरी करणार असाल तर तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ लिहायची. विकत आणणार असाल तर नुसतं 'भाजणी' पुरतं. आमच्याकडेही तेच. गिअर्ड मोटर विकत येते, तिला 'पर्चेस्ड' म्हणायचं, मग आतली बेअरिंगं मोजली जात नाहीत. नुसता सोयीसाठी केलेला गट असेल तर तो 'फँटम': गट यादीत दिसत नाही, त्यातले भाग दिसतात. हे ठरवायचं राहिलं तर एकतर बेअरिंगं जास्तीची येतात, नाहीतर मोटरच येत नाही.

या कामाचं कौतुक कोणी करत नाही. सांगाडा काढणाऱ्याचं नाव ड्रॉइंगवर असतं, बेरीज करणाऱ्याचं नसतं. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण आमच्याकडे प्रत्येक यादी कोणाची ना कोणाची होती, सगळ्यांची मिळून जी होते ती कोणाचीच नव्हती. आता ती मी मागून घेतली आहे. यंत्र गाडीत चढण्याआधी एक दिवस लागतो, वरिष्ठ कुरकुरतात.

कुरकुरू देत. रविवारी फोन येत नाही, तेवढं पुरे.