हवा भरण्याचें यंत्र

एकत्र कुटुंबांत एखादें यंत्र विकत घ्यावयाचें म्हणजे त्या यंत्राच्या आयुष्यापेक्षां त्याविषयींची चर्चाच अधिक काळ चालते कीं काय, असें वाटूं लागतें. आमच्या घरीं शिवणयंत्रापासून पाणी तापविण्याच्या बंबापर्यंत प्रत्येक वस्तु या परीक्षेंतून गेलेली आहे. मोटारीच्या चाकांत हवा भरण्याचा लहानसा विजेचा पंप, ज्याला बाजारांत कॉम्प्रेसर म्हणतात, त्यालाहि ती चुकली नाहीं. ही चर्चा चार लोकांपुढें मांडावी असें वाटण्याचें कारण एवढेंच कीं, हल्लीं पुष्कळ घरांत चारी चाकांना जोर असलेल्या गाड्या येऊं लागल्या आहेत. आणि त्यांच्याबरोबर हा पंप घेतांना डब्यावर छापलेल्या सर्वांत मोठ्या आंकड्याला माणूस हटकून भुलतो.

आमची वाडी अष्टागरांत, नागांवास. अलिबागहून रेवदंड्याकडे जातांना आक्षी मागें पडली कीं नागांव लागतें. हमरस्ता डांबरी आहे, पण समुद्राच्या बाजूस वळलें कीं दोन गडग्यांमधून जाणारी आमची वाट हळूहळू निव्वळ रेतीची होते. नारळाचीं पोतीं बाहेर काढावयाचीं असोत कीं काकूंना अलिबागेस दवाखान्यांत न्यावयाचें असो, ही दीडशें पावलें ओलांडल्यावांचून गत्यंतर नाहीं. पुतण्यानें गाडी घेतली ती याचसाठीं. निदान आम्हां वडीलधाऱ्यांस त्यानें तसें सांगितलें.

वाळूंत चाक रुततें तें गाडीच्या अंगीं शक्ति नसते म्हणून नव्हे. आपली गाडी सुमारें अठराशें किलो वजनाची धरा. प्रत्येक चाकावर साडेचारशें किलो, म्हणजे जवळजवळ हजार पौंड भार येतो. चाकांत दर चौरस इंचास ३२ पौंड दाबाची हवा असेल, तर हा भार तोलण्यास स्थूलमानानें ३१ चौरस इंच जागा जमिनीस टेकते. हवा १८ पौंडांवर आणली कीं तीच जागा ५५ चौरस इंच होते. चाक पसरतें, आणि उंटाच्या तळव्याप्रमाणें वाळूवरून चालूं लागतें. राल्फ बॅग्नोल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत लिबियाच्या वाळवंटांत साध्या फोर्ड गाड्या नेल्या, तेव्हां चाकांतील हवा कमी करण्याच्या या युक्तीचा त्याला मोठाच आधार झाला. वाळूच्या गतिशास्त्रावरील त्याचा ग्रंथ १९४१ सालीं निघाला, आणि तो आजहि प्रमाण मानतात.

हवा सोडण्यास एक काडी पुरते. अडचण आहे ती पुन्हां भरण्याची. कमी हवेच्या चाकानें डांबरी रस्त्यावर वेगानें जाणें धोक्याचें असतें; चाकाची बाजू सारखी दुमडते, तापते, आणि शेवटीं फाटते. म्हणून वाट संपली कीं तेथेंच हवा भरली पाहिजे.

तरीहि घरांतील कर्त्या मंडळींनीं या खर्चास रुकार दिला तो वाळूमुळें नव्हे. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेकडून किनाऱ्यावर आलें. पोफळी काडीसारख्या मोडल्या, छपरांचे पत्रे उडाले, आणि त्यांचे खिळे वाटेवर पसरले. वीज गेली ती कित्येक दिवस आली नाहीं. काकूंचें रक्तदाबाचें औषध संपत आलें होतें. पुतण्या आणावयास निघाला, तों मागचें एक चाक बसलेलें! दुकानांतला हवेचा पंप विजेवर चालणारा, तेव्हां तो बंद. घरांतल्या जुन्या पायपंपावर तिघे पुरुष आळीपाळीनें पाऊण तास उभे राहिले, आणि चाक धड फुगेना तशी गाडी तेथेंच ठेवून पुतण्या सायकलीनें गेला. औषध मिळालें, परंतु तो दारांत दिसेपर्यंत काकू आणि वहिनी यांनीं ज्या मुद्रेनें वाट पाहिली, ती आमच्यापैकीं कोणी विसरलें नाहीं.

पंप घ्यावयाचा हें ठरलें. कोणता, हें ठरेना. पुतण्याच्या मनांत १५० पौंड दाब देणारा, मुठीएवढा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा पंप भरला होता. थोरले बंधु शाळेंत गणित शिकवीत. त्यांनीं विचारलें, "आपणांस ३२ पाहिजेत. १५० घेऊन काय करावयाचें?" मग त्यांनीं रहाटाचा दाखला दिला. रहाट किती खोल विहिरीचें पाणी काढील हा एक प्रश्न, आणि तासाभरांत किती पाट भिजवील हा दुसरा. विहीर तीन पुरुष खोल असतांना तीस पुरुषांचा रहाट घेऊन वाडी भिजत नाहीं. गाडगीं किती व कशीं फिरतात हें पाहावें.

त्यांनीं मांडलेला हिशेब असा. आमच्या एका चाकाची पोकळी सुमारें ६५ लिटर. बाहेरच्या हवेचा दाब स्वतःच पावणेपंधरा पौंडांच्या आसपास असतो. म्हणजे १८ वरून ३२ वर, १४ पौंड चढावयाचें, तर चाकाच्या पोकळीएवढीच आणखी हवा आंत कोंबली पाहिजे. चार चाकांस सुमारें अडीचशें लिटर झाली. मुठीएवढे पंप मिनिटाला दहा-बारा लिटर हवा देतात. त्यांना वीस मिनिटांहून अधिक लागणार, आणि त्यांच्याच माहितीपत्रकांत दहा मिनिटांनंतर विश्रांति द्या असें लिहिलेलें! शिवाय त्यांची बॅटरी मे महिन्याच्या उन्हांत बंद गाडींत ठेवणें इष्ट नव्हे.

सिगारेट पेटविण्याच्या खांचेंत पिन घालून चालणारे पंप मधल्या प्रतीचे. त्या खांचेचा फ्यूज आमच्या गाडींत १५ अँपिअरचा आहे. बारा व्होल्टांनीं गुणलें कीं १८० वॅट, म्हणजे पाव अश्वशक्तीहि नाहीं. एखादें चाक भरण्यास तेवढें बस्स आहे, आणि शहरांतील गाडीसाठीं मी तोच घेईन. आम्हीं मात्र गाडीच्या बॅटरीस थेट चिमटे लावून चालणारा घेतला. मोकळ्या हवेंत तो मिनिटाला चाळीस लिटर देतो असें लिहिलेलें आहे. दाब चढतो तसा तो आंकडा घसरतो, हें विक्रेता सांगत नाहीं, आपण विचारावें लागतें. प्रत्यक्षांत चार चाकांस अकरा-बारा मिनिटें लागतात. नळी मागच्या चाकांपर्यंत पोंचते कीं नाहीं, तोंड पितळी व आंट्यांचें आहे कीं नाहीं, आणि तापल्यावर आपोआप बंद पडण्याची सोय आहे कीं नाहीं, एवढें दुकानांतच पाहून घ्यावें. पंपावरील कांट्यावर विसंबूं नये. दाब मोजण्याचें साधन वेगळें ठेवावें.

पंप आला त्याच रविवारीं पुतण्यानें गाडी पुळणींत नेण्याचा बेत केला, आणि येथें मात्र घरांतील सर्वांनीं एकमुखानें नकार दिला. सुरूच्या झाडांखालून पाहिलें तर ओली वाळू टणक दिसते, पण भरती काय वेळ सांगून थांबते? पाहुण्यांच्या गाड्या रुततात, मग ट्रॅक्टर शोधीत धांवाधांव, तोंवर पाणी दारापर्यंत! शिवाय तो किनारा कोळ्यांच्या होड्यांचा, पोरांच्या खेळाचा. पुतण्या दोन दिवस रुसला. काकूंनीं त्याला घावन करून घातले.

पंप आतां पडवींतल्या लांकडी पेटींत असतो. वापरतांना तो वाळूवर न ठेवतां जुन्या गोणपाटावर ठेवावा, म्हणजे आंत रेती ओढली जात नाहीं. इंजिन चालूं ठेवावें, पण बंद खोपींत नव्हे, कारण धूर विषारी असतो. खाऱ्या वाऱ्यानें चिमट्यांना गंज चढतो, म्हणून वहिनी दर पंधरवड्यास त्यांना खोबरेल तेलाचा हात देतात. आणि हवा ओढण्याच्या जाळीवरचा स्पंजाचा तुकडा गोड्या पाण्यांत धुऊन तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर वाळत घालतात.