कुलूप ओढून पाहणे

कुलूप लावल्यावर ते ओढून पाहणे हा आमच्या घराण्याचा कुळाचार आहे. आजोबा एकदा ओढीत. वडिलांनी त्यात एकाची भर घातली. मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि तिसऱ्यांदा ओढू लागलो. इस्टेट मात्र तिन्ही पिढ्यांत तेवढीच राहिली.

मांडवीला राहणाऱ्याला तसं पाहिलं तर गाव सोडायचं कारण नाही. लोक पैसे खर्चून आमच्या जेटीवर सूर्यास्त बघायला येतात. आम्ही तो दोरीवरचे कपडे काढता काढता फुकटात बघतो. गणपतीत तर रत्नागिरीतलं घर बंद दिसलं, तर चोरसुद्धा आधी 'सुतक वगैरे आहे का हो?' म्हणून चौकशी करील. त्या दिवसांत कुलपं लागतात ती मुंबईला, चाकरमान्यांच्या खोल्यांना. पण परवाच्या दिवाळीत नाशिकच्या साडूंनी आग्रह केला आणि आमचं घर आठ दिवस बंद ठेवायची वेळ आली.

गाडी असून आम्ही रेल्वेनं जायचं ठरवलं. मुंबई-गोवा रस्त्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं तेव्हा आमची कन्या बालवाडीत होती. ती दहावी झाली तरी रस्ता व्हायचाच होता. तेव्हा मांडवी एक्सप्रेस बरी. (ही मांडवी आमची नव्हे, गोव्याची नदी. पण पाहुण्यांना हे सांगायची गरज नसते.)

गाडीचा बंदोबस्त मी केला. बॅटरीची वायर काढली, चाकांमागे चिरे लावले, वर ताडपत्री टाकून दोरी बांधली. गाडी इतकी जुनी आहे की चोरानं ती ढकलत नेली असती तर मी भाट्याच्या पुलापर्यंत हात लावायला गेलो असतो. किल्ली हिने तांदळाच्या डब्यात ठेवली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गृहिणीला वाटतं की तांदळाचा डबा आपल्यालाच सुचला आहे.

दागिन्यांची चिंता नव्हती. सुट्ट्या आल्या की लॉकरवाल्या मंडळींची आमच्याकडे रांग लागते. लॉकरला दोन किल्ल्या, एक गिऱ्हाइकाची, एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही, हे मी दिवसातून दहादा समजावतो. 1 जानेवारी 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की आग, चोरी, दरोडा किंवा आमच्याच माणसाची लबाडी यांत माल गेला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट. हे ऐकून एका आजींनी मला विचारलं, "मग भाडं जरा वाढवून नाही का घेत?"

आमची खरी अडचण होती आईचा हंडा. पितळी, पोटाशी एक पोचा आलेला, आणि काठावर तिचं माहेरचं नाव कोरलेलं. आई जाऊन दोन वर्षं झाली. माहेरच्या नावानं तिला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. ते नाव त्या काठावर तेवढं आहे. बंद घरातून तांब्या-पितळेची भांडी आधी जातात, मोडीत घातली की नावाचा प्रश्नच मिटतो. हंडा लॉकरमध्ये मावत नाही. मी माप घेऊन पाहिलं होतं.

शेजारी ठेवावा म्हटलं, तर शेजारचे तात्या आणि आम्ही तीन वर्षं बोलत नव्हतो. त्यांचा एक माड गडग्याच्या पलीकडे उगवून अलीकडे वाकला आहे. मूळ त्यांच्याकडे, नारळ पडतो आमच्या अंगणात. मालक मुळाचा की सावलीचा, यावर एकदा शब्दाला शब्द वाढला आणि तेव्हापासून आमचं दळणवळण त्यांच्या मोत्या कुत्र्यामार्फत चालतं. "मोत्या, त्यांना सांग, पाण्याची मोटर चालू राहिलीय." मग मी म्हणायचं, "मोत्या, कळलं म्हणावं."

शिवाय दुसऱ्याकडे वस्तू ठेवण्याच्या बाबतीत रत्नागिरीचा अनुभव वाईट. 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मंडालेहून हलवलं, तेव्हा त्याचं मोलाचं माणिक कर्नल स्लेडननं 'सांभाळतो' म्हणून घेतलं ते परत दिलं नाही, अशी राजाची तक्रार होती. पुढे तीस वर्षं तो इथे राहिला, 1916 साली इथेच वारला. माणिक काही आलं नाही.

शेवटी हंडा माळ्यावर, जुन्या गोधडीखाली ठेवला. घरात माणसं आहेत असं वाटावं म्हणून ओसरीवरचा दिवा चालू ठेवला. आठ दिवस दुपारीही दिवा जळणारं घर म्हणजे 'आम्ही गावाला गेलोय' अशी पाटीच, हे मला खेड स्टेशन गेल्यावर सुचलं. पोलीस दरवर्षी सांगतात, गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा. मी मोत्यालाही सांगितलं नव्हतं.

नाशकात मी चकल्या खाल्ल्या, पण लक्ष माळ्यावर होतं.

परत आलो तर कुलूप उघडेना. अर्देशीर गोदरेजांनी वकिली सोडून 1897 साली मुंबईत कुलपं करायला घेतली, पण आमचं कुलूप त्या घराण्यातलं नव्हे, हातगाडीवर घेतलेलं. त्यात मांडवीचा खारा वारा. चोरासाठी आणलेल्या कुलपानं मालकालाच अडवलं. मी दगड उचलला तोच गडग्यावरून आवाज आला, "मोत्या, त्यांना सांग, चोरासारखं फोडू नका. मातीचं तेल आहे." बाटली गडग्यावर आली. दहा मिनिटांनी दार उघडलं.

मी बॅगा टाकून थेट माळ्यावर चढलो. गोधडी होती. हंडा नव्हता.

खाली कसा उतरलो आठवत नाही. बसकण मारली. शंभरपट भाड्याचा हिशोब इथे कोणाकडे मागायचा? ही शांतपणे पदर खोचून म्हणाली, "अहो, हंडा काकूंकडे आहे. निघायच्या आदल्या रात्री मीच दिला. भांडण तुमच्या दोघांचं आहे, आम्हाला कशाला हवं?"

"आणि मला नाशकात झोप नाही!"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही परत मागायला गेला असता. तेही मोत्याकडे."

संध्याकाळी मासेवाली आली, तिनं आणखी भर घातली. तात्या म्हणे रोज सकाळी स्टुलावर चढून आमच्या ओसरीचा दिवा फिरवून सैल करीत, आणि दिवेलागणीला पुन्हा घट्ट. काकू खाली स्टूल धरून उभ्या. वय वर्षं त्र्याहत्तर. "पडले असते तर?" मी म्हटलं. "काकूंनी धरलं होतं ना," मासेवाली म्हणाली आणि बांगड्यांचा भाव दहा रुपयांनी वाढवला.

तिन्हीसांजेला हंडा आला. चिंचेनं घासून लख्ख केलेला, काठावरची अक्षरं पोचा आलेल्या पोटापेक्षा ठळक. आत नारळ होते. गडग्यापलीकडून आवाज आला, "मोत्या, त्यांना सांग, वाऱ्यानं पाच पडले. मोजून घ्या म्हणावं."

मी मोजले. सहा भरले. पुन्हा मोजले. सहाच. कॅश कमी भरली तर आम्ही खिशातून घालतो, पण जास्त भरली की खरी पंचाईत. ती सस्पेन्स खात्यात टाकावी लागते. मी सहावा नारळ उचलला आणि गडग्यावर, अगदी मधोमध ठेवला.

सकाळी पाहिलं तर तिथे नव्हता. मोत्या नारळ खात नाही.