‘चांगली’ दारू नावाची जाहिरात

“दारू घेता का?” हा प्रश्न मला ओपीडीत रोज विचारावा लागतो. उत्तरेही आता पाठ झाली आहेत. “नाही डॉक्टर, फक्त बिअर.” “कधीतरी, मित्रांबरोबर बसलो तर.” आणि सर्वांत जास्त वेळा ऐकू येते ते हे: “घेतो, पण चांगली घेतो. देशीला हात लावत नाही.”

हे शेवटचे उत्तर देताना माणसाच्या आवाजात थोडा अभिमान असतो. चार यंत्रमाग असलेल्या, चाळिशीतल्या एका गृहस्थांनी मला हेच सांगितले, तेव्हा त्यांचे डोळे पिवळे झाले होते आणि पोटात पाणी साठले होते. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीलाही तोच प्रश्न पडला होता. “हे तर कायम ब्रँडेडच घेतात, मग असं कसं झालं?” त्या मनापासून विचारत होत्या.

दारू ‘चांगली’ असते आणि ‘वाईट’ असते, हे आपल्याला कोणी शिकवले? दारूची जाहिरात तर आपल्याकडे बंद आहे. मग ही शिकवण घरोघरी पोहोचली कशी? याचे उत्तर शोधायला थोडे मागे जाऊ या.

शिंदीची झाडे तोडणारे सोलापूर

आपल्या शहराचा दारूशी एक वेगळा इतिहास आहे. गांधीजींना अटक झाल्यानंतर, ८ मे १९३० रोजी, सोलापुरातले लोक रूपाभवानी मंदिराच्या परिसरात शिंदीची झाडे तोडायला निघाले. शिंदी म्हणजे ताडीसारखी दारू देणारे झाड. पोलिसांनी काहींना पकडले, लोकांनी वाट अडवली आणि गोळीबार झाला. पुढे १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात आपले चार हुतात्मे फासावर गेले. चार पुतळ्यांपाशी आपण रोज सिग्नलला थांबतो; त्या घटनांची सुरुवात शिंदीच्या झाडांपासून झाली होती, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते.

ती झाडे तोडण्यामागे केवळ व्यसनमुक्ती नव्हती. दारूवरचा कर हे इंग्रज सरकारचे मोठे उत्पन्न होते आणि ते बुडवायचे होते. तरीही, दारू विकणाऱ्याला भर रस्त्यात जाब विचारावा अशी लोकभावना तेव्हा होती. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले होते, तीही हीच भावना.

तळीराम कसा बदलला

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर हुशार वकील. अपमानाने खचलेल्या या माणसाला तळीराम पहिला प्याला देतो, तो दुःखावरचे औषध म्हणून. हाच तळीराम पुढे ‘आर्यमदिरामंडळ’ नावाचा शिष्ट पिणाऱ्यांचा क्लब चालवतो. म्हणजे दारू विकण्याच्या दोन जुन्या युक्त्या गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवल्या: ती औषध आहे असे सांगा, नाहीतर ती प्रतिष्ठेची आहे असे सांगा.

आज ‘तळीराम’ हा शब्द कुठे दिसतो? ३१ डिसेंबरनंतरच्या बातमीत, “तळीरामांवर कारवाई” म्हणून. वाचून आपण हसतो. ज्या नाटकात दारूने एक घर उद्ध्वस्त होते, त्यातले नाव गमतीचे होऊन बसले आहे. आषाढी अमावास्येला दिवे पुजायचे, तिला आपण ‘गटारी’ म्हणतो आणि मोबाइलवर विनोद पाठवतो. पिणे म्हणायचे नाही म्हणून ‘बसणे’ म्हणतो. यातली एकही जाहिरात कंपनीने दिलेली नाही.

‘सरकारमान्य’ आणि ‘परमिट रूम’

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, तेव्हा त्यात दारूच्या जाहिरातीवर बंदी होती. दारूची प्रशंसा करणेसुद्धा त्यात गुन्हा ठरवले होते. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रशंसेचा भाग भाषणस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून रद्द केला, पण कायदा मात्र कायम राहिला. आजही महाराष्ट्रात प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. बारच्या पाटीवरचा ‘परमिट रूम’ हा शब्द तिथूनच आला. पूर्वी हा परवाना प्रकृतीच्या कारणासाठी घेतला जाई, म्हणजे पुन्हा औषधच!

दुसरी पाटी तुम्ही रोज पाहता: ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’. याचा कायदेशीर अर्थ एवढाच, की दुकानदाराकडे परवाना आहे. पण आपल्या कानाला ‘सरकारमान्य’ म्हणजे तपासलेले, खात्रीचे, असेच ऐकू येते. दुकानाला मान्यता आहे, याचा अर्थ पिणाऱ्याच्या तब्येतीची हमी कोणी घेतली आहे असा होत नाही.

पाटीवरच्या नावाची ताकद सरकारलाही कळते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले, की मद्यविक्री करणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येणार नाहीत. त्याच महिन्यात सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्याला परवानगी देण्याचा निर्णयही झाला. त्याला इतका विरोध झाला, की तो अमलात आला नाही. बिस्किटांच्या शेजारच्या फळीवर बाटली दिसली, की ती किराण्यातली एक वस्तू होते. लोकांना खटकले ते हेच.

बाटली गेली, नाव राहिले

नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या आणि दारूच्या जाहिराती थेट दिवाणखान्यात शिरल्या. पुढे केबल टीव्हीच्या नियमांनी दारूची प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष जाहिरात बंद केली. कंपन्यांनी बाटली काढली आणि नाव ठेवले. त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचे पाणी, त्याच नावाच्या संगीताच्या सीडी. किंगफिशरचे कॅलेंडर २००३ मध्ये आले, विमान कंपनी २००५ मध्ये. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाले, तेव्हा बंगळुरूच्या संघाचे नावच एका व्हिस्कीवरून ठेवले गेले. जून २०२२ मध्ये केंद्राने ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना काढून अशा आडून केलेल्या जाहिरातींना मनाई केली. क्रिकेट पाहताना तुमच्या घरात काय दिसते, ते तुम्हीच पाहा.

या जाहिरातींत दारू कधीच नसते. असते ती मैत्री, धाडस, मोठे होणे, जिंकणे. सोडा विकायला एवढे सगळे लागते का? माझ्या दहा वर्षांच्या पुतण्याला अशा तीन नावांची ओळख आहे. त्याने दारूची बाटली जवळून पाहिलेलीही नाही. ज्या मुलांसमोर दारूच्या जाहिराती जास्त येतात, ती लवकर पिऊ लागण्याची आणि जास्त पिण्याची शक्यता अधिक असते, असे मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करणाऱ्या निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे.

“थोडी हृदयाला चांगली असते ना?”

हाही रोजचा प्रश्न. १९९१ मध्ये एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात सांगितले गेले, की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खाऊनही त्यांना हृदयविकार कमी होतो आणि याचे श्रेय बहुधा रेड वाइनला आहे. अमेरिकेत रेड वाइनचा खप वाढला आणि ही कल्पना जगभर गेली. गंमत अशी, की त्याच वर्षी खुद्द फ्रान्सने कायदा करून टीव्हीवरची दारूची जाहिरात बंद केली.

त्या काळच्या अनेक अभ्यासांत एक मोठी त्रुटी होती. ‘न पिणाऱ्यांच्या’ गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. साहजिकच थोडी पिणारे त्यांच्यापेक्षा निरोगी दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की पूर्णपणे सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या कर्करोगांशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे. तंबाखूची जोड मिळाली, की तोंडाचा आणि घशाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

यकृताचा हिशेब

यकृताला लेबल वाचता येत नाही. त्याला फक्त अल्कोहोलचे ग्रॅम कळतात. हिशेब असा:

- व्हिस्की, रम किंवा ब्रँडीचा ३० मिलीचा पेग: सुमारे १० ग्रॅम
- वाइनचा १५० मिलीचा ग्लास: सुमारे १४ ग्रॅम
- साध्या बिअरची ६५० मिलीची बाटली (५ टक्के): सुमारे २५ ग्रॅम
- स्ट्राँग बिअरची तीच बाटली (८ टक्के): सुमारे ४१ ग्रॅम
- व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर: सुमारे ६० ग्रॅम

म्हणजे “फक्त एक स्ट्राँग बिअर” घेणाऱ्याने चार पेग घेतलेले असतात. महागडी बाटली असो वा स्वस्त, दहा ग्रॅम ते दहाच ग्रॅम. यकृतात आधी चरबी साठते, मग सूज येते, मग ते आक्रसून निबर होते. पहिल्या टप्प्यात बहुतेकांना काहीही दुखत नाही. त्या वेळी दारू थांबवली, तर यकृत बहुधा सावरते. शेवटच्या टप्प्यात तशी खात्री देता येत नाही.

मग हातभट्टीचे काय?

तुम्ही म्हणाल, हातभट्टीची कोणी जाहिरात केली होती? बरोबर आहे. गरिबी, अंगमेहनतीचा थकवा आणि सहज मिळणे, ही कारणे जाहिरातीशिवायही पुरतात. आपल्या जिल्ह्यात मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले, ते दारू गाळणाऱ्यांना दुसरा रोजगार मिळवून देण्यासाठी. हातभट्टीत मिथेनॉल मिसळलेले असेल तर दृष्टी जाते, जीव जातो. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत अशा दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. हा धोका खरा आहे आणि वेगळा आहे.

पण या धोक्याचाच उपयोग ‘चांगल्या’ दारूच्या जाहिरातीसाठी होतो. ती विषारी, म्हणून ही निर्धोक, असे मन समजते. हातभट्टी एका रात्रीत मारू शकते. ब्रँडेड दारूला पंधरा-वीस वर्षे लागतात, एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही.

घरात काय करता येईल?

महाराष्ट्रातल्या बायकांनी दारूविरुद्ध एक सुंदर चिन्ह पुढे आणले आहे. गावातले दुकान बंद करण्यासाठी मतदान होते, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. तुमच्या घरात मतपत्रिका येणार नाही, पण एवढे नक्की करता येईल:

- मुलांबरोबर सामना पाहताना “हे सोड्याचे नाव खरे कशाचे आहे?” हे मोकळेपणाने सांगा. जाहिरात ओळखता आली, की तिचा जोर कमी होतो.
- लहान बाळाला सर्दीसाठी ब्रँडी चोळू नका, पाजू नका. ते औषध नाही.
- हळद, वरात, वाढदिवस यांत न पिणाऱ्याची थट्टा होऊ देऊ नका.
- डॉक्टरांना ब्रँड सांगू नका. किती मिली आणि आठवड्यातून किती दिवस, ते सांगा.

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी, घरच्या घरी बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरणे, आकडी येणे, भ्रम होणे, असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावर बेततात. योग्य औषधे दिली, तर हा काळ सुरक्षितपणे पार पडतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. दोन्हीकडे फोन करायला पैसे लागत नाहीत. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. पिणाऱ्याने स्वतःच करावा, याची वाट पाहू नका.