हाताच्या मापाचे यंत्र

व्हिडिओ गेमच्या बाबतीत पालक दवाखान्यात एकच प्रश्न घेऊन येतात : ‘डॉक्टर, किती वेळ खेळू द्यावे?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याआधी विचारण्याजोगा दुसरा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. मूल ते यंत्र धरते कसे? कोठे बसून, कोणत्या उंचीवर, मान किती वाकवून? वेळेचा हिशेब घड्याळ ठेवते. शरीराचा हिशेब कोणीतरी मुद्दाम पाहावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या घरांतून गेल्या काही वर्षांत निन्टेन्डो स्विच हे यंत्र वारंवार दिसू लागल्यापासून हा दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. कारण या यंत्राची रचनाच अशी आहे की, त्याचे उत्तर आपल्याला बदलता येते.

हे यंत्र ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आले. ते बनवणारी कंपनी जपानमधील क्योतो शहरात १८८९ मध्ये ‘हानाफुदा’ नावाचे पत्ते तयार करण्यासाठी स्थापन झाली होती. म्हणजे हातात धरून खेळण्याच्या वस्तूंशी तिचा संबंध सव्वाशे वर्षांहून जुना. स्विचचा मुख्य भाग म्हणजे ६.२ इंची पडद्याची एक चपटी पाटी. तिच्या दोन्ही कडांना ‘जॉय-कॉन’ नावाचे दोन छोटे कंट्रोलर खाचेत सरकवून बसवलेले असतात. मागचे बारीक बटण दाबून वर ओढले की ते सुटे होतात. पाटी ‘डॉक’ नावाच्या खोबणीत उभी ठेवली की तोच खेळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसू लागतो. घरातला आणि हातातला असे दोन्ही खेळ एकाच यंत्रात असल्यामुळे त्याला संकरित म्हणतात.

वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर येथे एकाच खेळासाठी तीन आसने उपलब्ध आहेत. पहिले, दोन्ही कंट्रोलर जोडून पाटी हातात धरण्याचे. तिचे वजन तेव्हा सुमारे ३९८ ग्रॅम असते. एवढे वजन अर्धा तास डोळ्यांच्या पातळीवर धरून ठेवणे मोठ्या माणसालाही जड जाते, म्हणून मूल यंत्र वर आणत नाही. ते डोके खाली नेते. प्रौढ माणसाचे डोके साडेचार-पाच किलोंचे असते आणि शाळकरी मुलाचेही त्याहून फार हलके नसते. कोपर पोटाशी, मनगटे वळलेली, हनुवटी छातीकडे, पाठ धनुष्यासारखी! हे चित्र ज्याच्या घरात दिसत नाही असा पालक मला अजून भेटायचा आहे. दुसरे आसन टेबलावरचे : पाटी मागच्या टेकूवर उभी करायची, कंट्रोलर सुटे करून एकेका हातात घ्यायचे. तिसरे अर्थातच दूरचित्रवाणीसमोरचे. या शेवटच्या दोन्हींत हात मांडीवर सैल राहतात, दोन हातांमधले अंतर खांद्यांच्या रुंदीइतके ठेवता येते आणि मान सरळ राहते. पालक हौसेने दुसरा, तिसरा खेळ विकत आणतात. परंतु पहिल्याच दिवशी ते दोन कंट्रोलर काढून मुलाच्या हातात सुटे देणे, हा बिनखर्चाचा उपाय फार थोड्यांना सुचतो. मूळ यंत्राचा टेकू अगदी अरुंद आणि लटपटता होता, हे खरे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ओएलईडी पडद्याच्या आवृत्तीत तो पाटीच्या रुंदीइतका केला गेला. २०१९ मधली ‘लाइट’ ही स्वस्त आवृत्ती हलकी, २७५ ग्रॅमची आहे. पण तिचे कंट्रोलर निघत नाहीत आणि ती दूरचित्रवाणीला जोडताही येत नाही. म्हणजे तिला पहिले आसन एकच. मुलाच्या पाठीचा विचार केला तर ही काटकसर मला पटत नाही.

अंगठ्याचे दुखणे हा या खेळांचा जुना सोबती आहे. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला एका अरुंद बोगद्यातून दोन कंडरा जातात. तेथे घर्षण वाढून सूज आली की अंगठा हलवताना कळ येते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हें यांनी १८९५ मध्ये तिचे वर्णन केले, तेव्हा व्हिडिओ गेम कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. सलग पाच तास खेळल्यामुळे अंगठा दुखावलेल्या ३५ वर्षांच्या एका स्त्रीविषयीचे. पत्राच्या लेखकाने या दुखण्याला विनोदाने ‘निन्टेन्डिनायटिस’ असे नाव दिले होते. ही खेळाडू मूल नव्हती, याची नोंद पालकांनी घ्यावी. रात्री मुले झोपल्यावर कोण खेळते, हे मी दवाखान्यात विचारतो तेव्हा बाबा हळूच दुसरीकडे पाहतात. घरच्या घरी करण्याची चाचणी सोपी आहे. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या दिशेने हलकेच झुकवावी. अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ आली तर खेळ थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. जॉय-कॉनची दांडी आखूड आणि बटणे बारीक असल्याने मोठ्या हातांना ती अडचणीची होतात. सोबत मिळणाऱ्या पकडीत दोन्ही बसवले किंवा २४६ ग्रॅमचा स्वतंत्र ‘प्रो’ कंट्रोलर घेतला तर तळहात भरतो आणि अंगठ्यावरचा ताण कमी होतो. लहान मुलांना मात्र तो अवजड वाटतो.

जाता जाता एक गंमत. या यंत्राचे खेळ नखाएवढ्या पातळ कार्डांवर येतात. रांगते मूल ते गिळेल या भीतीने त्यांवर डिनाटोनियम बेंझोएट या अत्यंत कडू द्रव्याचा लेप दिलेला असतो. मी ते कार्ड जिभेला लावून पाहिले. कडू काढ्यांशी माझी बालपणापासून ओळख आहे, पण या चवीपुढे किराईतही सौम्य म्हणावे लागेल.

आता ज्या मुलामुळे हे सारे मी इतके बारकाईने शिकलो, त्याच्याविषयी. त्याच्या आईवडिलांच्या संमतीने आणि ओळख टाळून लिहितो आहे. मुलगा तेरा वर्षांचा. त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आनुवंशिक स्नायूक्षय आहे. स्नायूपेशींच्या आवरणाला आधार देणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन त्याच्या शरीरात तयार होत नाही, त्यामुळे प्रत्येक हालचालीबरोबर पेशी थोड्याथोड्या फाटत जातात. हा आजार कंबर, मांड्या, खांदे यांना आधी गाठतो. बोटांची शक्ती पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. गेल्या वर्षी त्याचे चालणे थांबले आणि चाकाची खुर्ची आली. संध्याकाळी इमारतीखाली क्रिकेट चालते; तो गॅलरीतून धावा मोजत असे, पुढे तेही त्याने सोडले. मामाने परदेशातून स्विच आणले ते याच सुमारास.

काही महिन्यांनी वडील एकटेच माझ्याकडे आले. ‘डॉक्टर, मी ते काढून घेतो आहे,’ म्हणाले. त्यांची कारणे चुकीची नव्हती. मुलगा खेळताना एका बाजूला कलू लागला होता आणि चाकाच्या खुर्चीवर आलेल्या अशा मुलांत पाठीचा कणा वाकण्याचा धोका मोठा असतो, हे त्यांना ठाऊक होते. खेळण्याची विकृती हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार झाला आहे, हेही त्यांनी वाचले होते. तेही खरेच, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आजार-वर्गीकरणात तिचा समावेश आहे. परंतु त्या निदानासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, जगण्यातल्या इतर गोष्टी मागे पडणे आणि हानी होत असूनही खेळ चालूच राहणे, असे साधारण वर्षभर दिसावे लागते. या मुलाच्या आयुष्यातल्या इतर गोष्टी खेळाने मागे सारल्या नव्हत्या. त्या आजाराने नेल्या होत्या. मी त्यांना म्हटले, ‘काढून घेण्यापूर्वी एकदा मुलाला आणि यंत्राला दोघांनाही घेऊन या.’

दवाखान्यातल्या बाळांच्या वजनकाट्यावर मी ते ठेवले. चारशेच्या जवळ. मग मुलाला नेहमीसारखे खेळायला सांगितले. त्याचे खांदे ते वजन उचलू शकत नव्हते, म्हणून यंत्र मांडीवर आणि सारे धड त्यावर झुकलेले. उजवा हात अधिक सबळ असल्याने कल उजवीकडे. म्हणजे कणा वाकत होता तो यंत्र मांडीवर असल्यामुळे. कंट्रोलर सुटे केले. एकेकाचे वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, दोन मोठ्या लिंबांइतकेही नाही. खुर्चीच्या दोन्ही हातांवर त्याचे हात टेकवून एकेक त्याच्या हाती दिला आणि पाटी माझ्या टेबलावर जाड पुस्तकांच्या चळतीवर उभी केली. मुलगा सरळ बसला. कोणी काही सांगितले नव्हते. पडदा समोर आला म्हणून मान वर आली, एवढेच. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

घरी त्यांनी आजी ज्यावर पोथी ठेवून वाचतात तो घडीचा लाकडी स्टँड वापरला आणि नंतर दूरचित्रवाणीची उंची कमी करून घेतली. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ त्याच्याकडे आहे. त्यात वेगाचे बटण सतत दाबून ठेवावे लागते आणि त्याचा अंगठा दहा मिनिटांत थकत असे. खेळाच्या पर्यायांतच गाडीने आपोआप वेग घेण्याची आणि रस्त्यावरून घसरू न देण्याची सोय आहे. ती सुरू केली. एकेक जॉय-कॉन आडवा धरला की दोन खेळाडूंचे दोन कंट्रोलर होतात. त्यामुळे धाकटी बहीण आली, मग तिच्या मैत्रिणी, मग खालच्या क्रिकेटमधले दोघे. कंट्रोलर अर्ध्यावर वाटून घेता येतो, ही एवढी साधी गोष्ट. मला तिचे मोल त्या घरात कळले.

वडिलांचा उत्साह एवढा वाढला की, त्यांनी ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ मागवले. २०१९ मध्ये आलेल्या या खेळात एक लवचिक कडे असते. ते दाबायचे, ताणायचे, आत बसवलेला संवेदक जोर मोजतो. दुसरा कंट्रोलर पट्ट्याने मांडीला बांधून जागच्या जागी धावायचे. बैठे काम करणाऱ्या निरोगी माणसासाठी हा चांगला घाम काढणारा व्यायाम आहे. या मुलासाठी मी स्पष्ट नाही म्हटले. डिस्ट्रोफिन नसलेल्या स्नायूला जोराचा विरोध दिला तर तो बळकट होत नाही, अधिक फाटतो. त्याला त्याच्या फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेले हलके ताण आणि पाण्यातल्या हालचाली पुरेत. कडे आता बहिणीकडे आहे. उजव्या जॉय-कॉनच्या अवरक्त कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला की नाडीचे ठोके मोजले जातात. तिचे ठोके जाहीर करण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे.

उरलेल्या सुट्या भागांविषयी थोडक्यात. जॉय-कॉनच्या दांड्या झिजून आपोआप सरकू लागतात, ही जगभरची तक्रार असून कंपनीच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये तिच्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती. म्हणून जुने यंत्र घेताना दांड्या आधी तपासाव्यात. यंत्र उशीखाली किंवा पांघरुणात चार्जिंगला लावू नये. वेळेची मर्यादा घालण्यासाठी कंपनीचेच पालकांसाठीचे अ‍ॅप आहे. भांडण करण्यापेक्षा ते बरे. ५ जून २०२५ रोजी आलेल्या ‘स्विच २’चा पडदा ७.९ इंची आहे आणि कंट्रोलरसह वजन ५३४ ग्रॅम. हातात धरण्यासाठी ते मला लहानांना जडच वाटते. त्याचे कंट्रोलर चुंबकाने चिकटतात. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर अशी चुंबके छातीपासून किमान सहा इंच दूर ठेवावीत आणि आजोबांच्या शर्टाच्या खिशात तर कधीच ठेवू नयेत.

गेल्या महिन्यात त्या मुलाच्या घरी गेलो होतो. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी आता वरचे बटण पुरेसे दाबू शकत नाही. यंत्राच्या सेटिंगमध्ये बटणांची कामे अदलाबदल करता येतात. ही सोय २०२० पासून आहे आणि ती त्याने स्वतः शोधून काढली होती. वरच्या बटणाचे काम त्याने अंगठ्याखालच्या बटणाकडे दिले होते. फक्त बहिणीला ते सांगितले नव्हते. मी चहा घेत असताना ती सलग तीन शर्यती हरली आणि ‘डॉक्टरकाका, हा बटणे बदलून ठेवतो!’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आली. मी त्याच्याकडे पाहिले. त्याने पडद्यावरून नजर न हलवता चौथी शर्यत सुरू केली.