पसरणी घाटात ‘एस’चा फंडा

वाईतून निघालं की पाचगणी जेमतेम १२ किलोमीटर. पण तेवढ्यात पसरणी घाट तुम्हाला जवळपास ६०० मीटर वर नेतो. आमची गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, म्हणजे टेन्शन नाही!

दुसऱ्याच वळणावर हवा गेली. ‘डी’वर गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला लगेच वरचा गिअर टाकतो. चढ वाढला की परत खालचा. समोर एसटी आणि गाडी नुसती कुंथतेय! शेवटी लिव्हर ‘एस’वर घेतला. स्पोर्ट मोडने इंजिनाची ताकद वाढत नाही हं. फक्त खालचा गिअर जास्त वेळ धरला जातो. आवाज वाढतो, पेट्रोलही जास्त जातं, पण गाडी मस्त ओढते. वर थांबून धोमचं निळं पाणी डोळे भरून पाहिलं.

खरा धडा मिळाला उतरताना. मी पुन्हा ‘डी’वर, पाय सतत ब्रेकवर. अर्ध्या घाटात जळका वास आला, पेडल मऊ लागायला लागलं. पोटात गोळाच! कशीबशी कडेला थांबले.

बाबा शांतपणे म्हणाले, “ज्या गिअरात चढलीस, त्याच गिअरात उतरायचं.”

ब्रेक पूर्ण गार झाल्यावर लिव्हर मॅन्युअलला घेऊन दुसरा गिअर टाकला. आता इंजिनच गाडीला मागे खेचत होतं, ब्रेक अधूनमधून.

वाईत ढोल्या गणपतीला हात जोडले. बाबा हसले, “दुसऱ्या गिअरलाही जोड!”